आमच्याकडे ओके, गिऱ्हाइकाकडे रिजेक्ट

(कारखान्यातल्या गुणवत्तेविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे. सदरलेखिका पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत क्वालिटी विभागात नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : मॅडम, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या एका हाउसिंगला आम्ही ७२ एच७ चा बोअर, म्हणजे अचूक मापाचं गोल भोक, करतो. प्रत्येक जॉब डायल बोअर गेजने (भोकाचं माप काट्यावर दाखवणाऱ्या उपकरणाने) बघूनच पाठवतो. गिऱ्हाइकाच्या स्टँडर्ड रूममध्ये (मोजमापाच्या खोलीत) मात्र सीएमएमवर (जॉबला अनेक बिंदूंवर टेकून माप घेणाऱ्या यंत्रावर) बोअर लहान निघतो आणि लॉट परत येतो. आमच्या गेजचं कॅलिब्रेशन ताजं आहे. तिकडचा इन्स्पेक्टर मुद्दाम खोड काढतोय, असं माझ्या पार्टनरचं ठाम मत आहे. काय करावं?
— एक उद्योजक, भोसरी

उत्तर : पार्टनरना सांगा, तुमचा बोअर लहान ठरवला म्हणून कुणा इन्स्पेक्टरला पगारवाढ मिळत नाही. उलट लॉट परत केला की त्याच्याच लाइनवाले त्याच्या डोक्यावर येऊन बसतात. तेव्हा तो प्रामाणिक आहे असं धरून चालू.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती मला आधी हवी होती : जॉब मशीनवरून उतरल्यावर किती वेळाने मोजता? माझा अंदाज आहे, लगेच. ऑपरेटर जॉब काढतो, हवेच्या गनने कूलंट उडवतो, गेज आत घालतो, काटा बघतो आणि पुढचा जॉब चढवतो. अशा वेळी जॉब कोमट असतो. हाताला जाणवेल न जाणवेल इतकाच.

आता हिशोब मांडू. ७२ एच७ म्हणजे ७२.००० ते ७२.०३० मिलिमीटर. म्हणजे खेळायला सगळे मिळून ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसला खरं धरायचं, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. स्टँडर्ड रूमचा एसी २० वर असतो तो त्यासाठी, इन्स्पेक्टरला गारवा मिळावा म्हणून नाही. एक मीटर अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद साधारण साडेअकरा. तुमच्या ७२ मिलिमीटरला हे होतात अ‍ॅल्युमिनियमचे सुमारे १.६५ आणि पोलादी मास्टर रिंगचे (जिच्यावर गेज झीरो करता, त्या ठरलेल्या मापाच्या कडीचे) सुमारे ०.८३ मायक्रॉन. जॉब ४० अंशांवर आहे आणि टेबलावरची रिंग शॉपच्या हवेइतकी, ३० वर, असं समजा. २० अंशांच्या मानाने बोअर ३३ मायक्रॉन मोठा झाला, रिंग ८ मायक्रॉन. गेज रिंगवर झीरो केलेलं, म्हणून ते बोअर खऱ्यापेक्षा २५ मायक्रॉन मोठा दाखवणार. ऑपरेटरला दिसलं ७२ वर अधिक २०, त्याने ओके म्हटलं. तोच जॉब रात्रभर २० अंशांत राहिला की निघतो उणे ५. दोघांनीही बरोबर मोजलं आणि जॉब तरीही रिजेक्ट. कॅलिब्रेशनच्या कागदावर यातलं काहीही दिसत नाही, कारण कॅलिब्रेशनवाल्याने तुमचं गेज त्याच्या थंड खोलीत तपासलं.

(गरम झाल्यावर धातू आत फुगतो आणि भोक लहान होतं, असं छातीठोकपणे सांगणारे इंजिनियर मला भेटलेत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार ती तापवून का घेतो, एवढं त्यांनी आठवावं.)

जॉब आणि रिंग दोन्ही शॉपच्या हवेला, समजा ३२ वर, आले तरी प्रश्न पुरता सुटत नाही. दोन धातूंच्या वाढीतला फरक उरतोच. १२ अंशांचे १० मायक्रॉन, म्हणजे तुमच्या ३० मायक्रॉनच्या खिडकीचा एक तृतीयांश. म्हणून मी सुचवते ते असं. तुमचाच एक चांगला जॉब घ्या, गिऱ्हाइकाच्या सीएमएमवर मोजून घ्या, आलेलं माप त्यावर कोरा आणि तो मास्टर पीस म्हणून मशीनशेजारी ठेवा. गेज त्याच्यावर सेट करा. जॉब आणि मास्टर एकाच धातूचे, एकाच टेबलावर थंड झालेले, म्हणजे शॉपचं तापमान काही का असेना, चूक दोन्हीकडे सारखीच होते आणि वजा होऊन जाते. अ‍ॅल्युमिनियम झिजतं, म्हणून त्याचं माप अधूनमधून पुन्हा घ्यायचं. प्रत्येक जॉब थंड व्हायची वाट बघणं परवडत नसेल, तर सकाळी, दुपारी आणि कूलंट बदलल्यावर एकेक जॉब गरम असताना आणि थंड झाल्यावर असा दोनदा मोजा. जो फरक येईल तेवढं ऑफसेट, म्हणजे गरम जॉबच्या मापातून तेवढं वजा धरायचं.

अजून एक शंका आहे. हाउसिंगची भिंत पातळ आहे का, आणि तीन जबड्यांच्या चकमध्ये धरता का? तसं असेल तर चक सोडल्यावर बोअर किंचित तिकोनी होतो. डायल बोअर गेज समोरासमोरच्या दोनच बिंदूंवर टेकतं. तिकोनी आकार त्याला गोलच वाटतो, कसंही फिरवा, काटा तोच. सीएमएम अनेक बिंदू घेतं, म्हणून त्याला खरं दिसतं. खात्री सोपी आहे : थंड जॉबमध्ये गो प्लग (बोअरच्या सर्वांत लहान मापाचा दट्ट्या) घालून बघा. गेज ७२.०१० म्हणतंय आणि प्लग अडतोय, तर जॉब तिकोनी आहे. रुंद सॉफ्ट जॉ (जॉबच्या आकाराला कातलेले मऊ जबडे) बनवा आणि फिनिश कटच्या आधी चकचं प्रेशर उतरवा.

हे सगळं करायच्या आधी मात्र नंबर टाकलेला एक जॉब हातात घेऊन स्वतः तिथे जा. फोनवर नको, मेलवर नको. तुमचं गेज, तुमचा मास्टर, त्यांचं सीएमएम, एकच जॉब, एकच दुपार. बोअरच्या आत किती खोलीवर, किती बिंदू घेतात ते शेजारी उभं राहून बघा. पार्टनरनाही न्या.


प्रश्न : शिरोलीला आमची फौंड्री आहे, ग्रे आयर्नचं कास्टिंग करतो. गिऱ्हाईक मशीनिंग केल्यावर ब्लो होल (वायूमुळे धातूत राहिलेल्या पोकळ्या) निघाले म्हणून डेबिट नोट लावतं. कास्टिंगचे पैसे कापतं ते कापतं, वर मशीनिंगचेही कापतं. आम्ही ८डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा) पाठवतो तो ‘मान्य नाही’ म्हणून परत येतो. आम्ही लिहिलं होतं, कारण : ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय : ऑपरेटरला समज दिली आणि ट्रेनिंग दिलं. यात चुकलं काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साहेब, असे रिपोर्ट वाचणाऱ्या टेबलाच्या पलीकडे मी बरीच वर्षं बसले आहे. ‘समज दिली’ हे दोन शब्द आले की पुढचं वाचत नसे. मागच्या महिन्यातही समज दिली होती, त्याच्या मागच्याही. इतकी समज मिळालेला ऑपरेटर एव्हाना संत व्हायला हवा होता.

ब्लो होल कातडीखाली असतो. शॉट ब्लास्ट (छर्र्यांच्या माऱ्याने साफ) केल्यावरही तो दिसत नाही, टूल लागलं की उघडा पडतो. मग दुर्लक्ष कुणाचं? जी गोष्ट दिसतच नाही तिच्याकडे माणसाने लक्ष द्यायचं कसं? ‘तपासणी कडक केली’ हे वाक्यही त्याच कारणाने खोटं ठरतं आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

पहिल्यांदा गिऱ्हाइकाची आजची काळजी मिटवा. त्याच्या स्टोअरमध्ये, रस्त्यात ट्रकमध्ये आणि तुमच्या यार्डात त्याच तारखांचं किती कास्टिंग पडून आहे, त्याचं काय करणार, हे २४ तासांत कळवा. मुळाशी जायला पंधरा दिवस लागले तरी चालतील, ह्याला नाही.

मग परत आलेली कास्टिंग एका जागी मांडा. भंगारात टाकू नका, तो तुमचा पुरावा आहे. कास्टिंगचा एक मोठा फोटो काढा आणि प्रत्येक ब्लो होलची जागा त्यावर टिंब देऊन दाखवा. वीस-पंचवीस कास्टिंगची टिंबं पडली की चित्र बोलायला लागतं. सगळी टिंबं साच्याच्या वरच्या पेटीच्या बाजूला, कोअरच्या (पोकळी ठेवायला साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या) आसपास जमली, तर कोअरमधला वायू बाहेर पडत नाही. व्हेंट (वायूची वाट) बुजलाय, बाइंडर (वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जास्त झालाय किंवा कोअर दमट आहे. एका ठरावीक जागी येत असतील तर तिथलं चॅपलेट (कोअरला टेकू देणारा धातूचा तुकडा) किंवा चिल (रस लवकर गार करणारा तुकडा) बघा, गंज चढलेलं असेल. विखुरलेली असतील तर वाळू, ओलं लॅडल (रस ओतायचं भांडं) किंवा थंड ओतलेला रस. सोबत हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक) आणि शिफ्ट लिहा. तारखा जून ते सप्टेंबरच्याच आहेत का तेही बघा. तुमच्याकडचा पाऊस मी पाहिला आहे. रॅकवर चार दिवस पडलेले कोअर त्या हवेत पाणी ओढतात.

वाळूचा ओलावा तुम्ही कुठे मोजता? बहुतेक ठिकाणी मिक्सरपाशी मोजतात आणि रजिस्टरमध्ये सुंदर आकडे असतात. साचा मात्र तिथे होत नाही. आधीच्या साच्यांतून परत आलेली वाळू गरमच असेल, तर बेल्टवरून येता येता तिचं पाणी उडतं. मग मोल्डिंगवाला तक्रार करतो, मिक्सरवाला जास्त पाणी सोडतो, आणि ती वाफ गार पॅटर्नवर (साच्यात आकार उमटवणाऱ्या नमुन्यावर) आणि कोअरवर घाम धरते. मोजायचं तर मोल्डिंग मशीनच्या हॉपरखाली मोजा, दर तासाला, आणि वाळूचं तापमानही लिहा.

आणि त्या समज दिलेल्या ऑपरेटरशी एकदा नीट बोला. चहा पाजा. ‘रात्रपाळीला वाळू कशी येते रे?’ एवढंच विचारा. तो काय सांगतो ते तसंच्या तसं ८डीत घाला, त्याखाली तुमचे आकडे आणि फोटो जोडा. ब्लो होल का झाला आणि तो तुमच्या दारातून बाहेर कसा पडला, ही दोन वेगळी उत्तरं लागतात. दुसऱ्याचं उत्तर ‘तो आम्हाला दिसू शकत नाही, म्हणून दर हीटची काही कास्टिंग आम्हीच मशीन करून बघणार आहोत’ असं सरळ असलं तरी चालतं. असा रिपोर्ट परत येत नाही. आला तर मला पाठवा.


प्रश्न : आमच्या औद्योगिक वसाहतीत एक एजंट फिरतो. पंधरा दिवसांत आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट देतो म्हणतो, मॅन्युअलसकट. घ्यावं का?
— एक लघुउद्योजक, नाशिक

उत्तर : नको. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ती फक्त मानकं लिहिते. सर्टिफिकेट देतात त्या वेगळ्या संस्था, आणि त्या खऱ्या की कागदी हे त्यांच्यावर मान्यता कुणाची आहे यावरून कळतं. आपल्याकडे ती मान्यता एनएबीसीबी हे राष्ट्रीय मंडळ देतं. परदेशातल्या तशाच मंडळांची मान्यताही चालते. एजंटला सर्टिफिकेटवरचा मान्यतेचा शिक्का दाखवायला सांगा आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव मान्यता देणाऱ्या मंडळाच्या यादीत शोधा. बहुतेक वेळा एजंटची गाठ तिथेच सुटते.

मॅन्युअलचं म्हणाल, तर २०१५ च्या आवृत्तीपासून क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं राहिलेलं नाही. तो तुम्हाला दहा वर्षांपूर्वीची रद्दी विकतोय.


प्रश्न : मी वाळूजच्या एका शीटमेटल कंपनीत कस्टमर सपोर्ट बघते. दर सहा महिन्यांनी आम्ही गिऱ्हाइकांकडून सॅटिस्फॅक्शन फॉर्म भरून घेतो. सगळीकडे दहापैकी नऊ. पीपीएमही (दहा लाख नगांमागे खराब किती, तो आकडा) खाली आहे. तरी एका जुन्या गिऱ्हाइकाने काही न सांगता निम्मं काम दुसऱ्याला दिलं. ऑडिटर फॉर्म बघून खूश असतो. मॅडम, आम्ही कुठे कमी पडतोय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, तो फॉर्म तिकडे कोण भरतं? परचेसमधला एखादा मुलगा. महिनाअखेर आहे, तुमचा मेल तिसऱ्यांदा आलाय, त्याने सगळीकडे नऊ टाकले. दहा टाकले तर खोटं वाटेल, आठ टाकले तर तुम्ही कारण विचाराल. तुमचा पार्ट त्याने बहुधा हातातही धरलेला नाही.

तुमच्यासारख्याच एका पुरवठादाराची हकीकत सांगते. पावडर कोट केलेला ब्रॅकेट होता, त्याला एम८ चे वेल्ड नट. रिजेक्शन शून्य, फॉर्मवर नऊ. मी तेव्हा घेणाऱ्या कंपनीत होते. एकदा असेंब्ली लाइनवर उभी असताना पाहिलं, की बोल्ट लावणारा मुलगा प्रत्येक ब्रॅकेट उचलला की आधी खिशातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) काढतो, नटात दोन-तीन आटे फिरवतो, फुंकर मारतो आणि मग बोल्ट लावतो. मी विचारलं, हे काय? म्हणाला, ‘आट्यात पावडर असते ना मॅडम, बोल्ट तिरका चढतो.’ कधीपासून? तो लाइनवर आला तेव्हापासून. टॅप त्याला आधीच्या मुलाने दिला होता, जाताना. कुणी तक्रार केली नाही, कारण पार्ट कधी परत गेलाच नाही. लाइन थांबली नाही, म्हणून रिपोर्ट नाही. रिपोर्ट नाही, म्हणून पीपीएम शून्य. मग दुसऱ्या एका पुरवठादाराने नमुने आणले. त्याने कोटिंगच्या आधी नटात सिलिकॉनचे प्लग लावले होते. त्याचे नमुने लाइनवर गेले आणि दोन दिवसांत सुपरवायझर स्वतः परचेसला जाऊन म्हणाला, हाच माल आणा. जुन्या पुरवठादाराला कुणीही काही कळवलं नाही, आणि कळवायचं तरी काय?

प्रा. नोरिआकी कानो या जपानी अभ्यासकाने १९८४ मध्ये मांडलं, की काही गुण असे असतात की असले तर कुणी कौतुक करत नाही, नसले तर माणूस चिडतो. स्वच्छ आटे त्यातले. ‘आट्यांबद्दल आपण समाधानी आहात का?’ असा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो.

आयएसओ ९००१ च्या ९.१.२ कलमात फॉर्मची सक्ती नाही. गिऱ्हाइकाला आपल्याबद्दल काय वाटतं ते कळून घ्या, एवढंच ते म्हणतं. कसं ते तुम्ही ठरवायचं. तेव्हा तुमच्या साहेबांकडून एक दिवसाची परवानगी काढा आणि तो पार्ट जिथे बसतो त्या लाइनवर जा. काम चालू असताना, वेलकम ड्रिंकवाली प्लांट व्हिजिट नव्हे. शक्यतो दुसऱ्या पाळीला, तेव्हा तुमच्याभोवती घोळका नसतो. माल उघडताना बघा : बॉक्सच्या पट्ट्या कशाने कापतात, लेबल कुठल्या बाजूला शोधतात, पार्टवरचं तेल पुसायला किती चिंध्या लागतात. बसवताना हातोडी निघते का? कानस निघते का? वर्करच्या खिशात, ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात काय काय साठवलंय? जे हत्यार त्यांच्या प्रोसेस शीटवर नाही आणि तरी तिथे आहे, ते तुमच्या पार्टमुळे आहे का ते विचारा. नाव लिहून घेऊ नका, मुलं बिचकतात.

परत आल्यावर आपल्या ऑफिसातही दोन गोष्टी चाळा. एक, ‘या वेळेपुरतं चालवून घेतो’ म्हणून गिऱ्हाइकाने मंजूर केलेली डेविएशन. ती पीपीएममध्ये मोजली जात नाहीत, पण तिकडे लक्षात राहतात. दुसरं, तुमच्या डिस्पॅचवाल्याच्या मोबाइलवरचे मेसेज. ‘गाडी कुठे आली?’ हा प्रश्न आठवड्यातून किती वेळा येतो? वेळेवर पोचणाऱ्या गाडीबद्दल असं कुणी विचारत नाही.

गेलेलं निम्मं काम मागायला लगेच जाऊ नका. आधी लाइन बघा, काय सापडलं ते दुरुस्त करा आणि दुरुस्त केलेला माल घेऊन जा. किमतीवर बोलणी त्यानंतर.


प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. इन-प्लांट ट्रेनिंगमध्ये मला कंट्रोल चार्ट (ठरावीक वेळाने घेतलेल्या मापांचा आलेख) भरायला दिला आहे. सगळे बिंदू मर्यादेच्या आत आहेत, तरी आमचे सर चार्ट बघून म्हणाले, ‘हे बरोबर नाही.’ विचारायची भीती वाटते.
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : विचारायला भिऊ नकोस, पण आधी तीन गोष्टी स्वतः तपास.

मर्यादा कुठून आल्या? ड्रॉइंगचा टॉलरन्स (मापात चालणारी सूट) उचलून चार्टवर आखला असशील तर तो कंट्रोल चार्टच नव्हे. वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकन संशोधकाने १९२४ मध्ये हा चार्ट काढला तो प्रोसेस नेहमीसारखी चालली आहे का हे बघायला, आणि त्याच्या मर्यादा प्रोसेसच्याच मापांवरून काढायच्या असतात. ड्रॉइंगचा तिथे संबंध नाही.

सलग सात-आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आहेत का? मर्यादेत असले तरी काहीतरी सरकलं आहे. नाणं सलग सात वेळा छापा पडण्यासारखं आहे ते, १२८ मध्ये एकदा. टूल झिजलं, ऑफसेट बदलला, बारचा लॉट बदलला, काय ते शोध.

तिसरी जरा नाजूक. सगळे बिंदू मधल्या रेषेला चिकटून आहेत का, कुठे वर नाही, कुठे खाली नाही? खरी मापं अशी शहाण्यासारखी वागत नाहीत. शिफ्ट सुटायच्या दहा मिनिटं आधी एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेला चार्ट असा दिसतो, आणि तुझ्या सरांनी असे पुष्कळ पाहिले असतील. तसं झालं असेल तर उद्यापासून दर तासाला मशीनपाशी जा, माप घे, तिथेच उभं राहून बिंदू टाक आणि बाजूला वेळ लिही. चार्ट वेडावाकडा दिसेल. तोच सरांना दाखव.